लॅबच्या वह्या रद्दीत घालू नका: आयव्हीएफ केंद्रांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रांचे संचालक डॉक्टर,
स. न. वि. वि.

पत्राचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये बीजं आणि भ्रूणं सांभाळणारी. पूर्वी ज्या केंद्रात काम करत होते, तिथे नूतनीकरण निघालं. नव्या फरश्या, नवं रिसेप्शन, नवं सॉफ्टवेअर. त्या गडबडीत लॅबच्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या. मी तोवर ते केंद्र सोडलं होतं, नंतर एका जुन्या सिस्टरकडून कळलं. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "अहो मॅडम, पेशंटच्या फायली सगळ्या स्कॅन करून ठेवल्यात. त्या वह्यांत असं काय होतं?"

प्रश्न विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना नसावं, कारण लॅबच्या दाराबाहेर चपला काढून, टोपी-मास्क घालून आत येण्याची वेळ तुमच्यावर फारशी येत नाही.

त्या वह्यांत पेशंटचं नाव, वय, किती स्त्रीबीजं मिळाली, किती फलित झाली हे तर होतंच. ते फायलीतही असतं. पण शेजारी, समासात, बारीक अक्षरात दुसरंच काही असायचं. मीडियाची, म्हणजे भ्रूणं वाढवायच्या द्रावणाची, नवी बाटली कधी फोडली, तिचा लॉट नंबर काय. तेलाचा नवा डबा कधी आला. इन्क्युबेटरचा (भ्रूणं ठेवायच्या उबदार पेटीचा) कार्बन डायऑक्साइड सकाळी किती दाखवत होता आणि तपासल्यावर खरा किती निघाला. 'झोना (बीजाचं कवच) जाड, सुई घालताना वेळ लागला.' 'लाइट गेली, यूपीएसवर.' एका पानावर सलग काही दिवस भ्रूणं तिसऱ्या दिवसापर्यंत छान वाढून पुढे ढेपाळत होती आणि कडेला लिहिलं होतं, 'खालच्या मजल्यावर ऑइलपेंट चालू आहे.' रंगातून उडणारी रसायनं नाकाला जाणवण्याच्या कितीतरी आधी भ्रूणाला जाणवतात. ती ओळ लिहून ठेवली म्हणून आम्ही हवेचे फिल्टर बदलले. सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीसाठी रकाना नाही.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२१ साली एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा झाला, जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. किमान दहा वर्षं नोंदी जपून ठेवायच्या आणि पुढे त्या राष्ट्रीय नोंदणीकडे सोपवायच्या असं त्यात आहे. चांगलं आहे. पण तपासणीला अधिकारी आले की संमतिपत्रं बघतात, दात्यांच्या नोंदी बघतात. समासातली बारीक अक्षरं कुणी मागत नाही आणि मागत नाही म्हणून ती कुणाच्या लेखी 'नोंद' नसते. माझं म्हणणं एवढंच की आपल्या देशात या शास्त्राचा सगळा इतिहास अशाच कागदांवर एकदा फिरलेला आहे. तो कसा फिरला, ते तुमच्यातल्या बहुतेकांना अर्धं माहीत आहे.

माहीत असलेला अर्धा भाग असा: ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून. त्यांचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं आणि ते योग्यच झालं. पण केईएमपासून चालत काही मिनिटांवर, जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. बाळ जन्मण्याआधी स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ शरीराबाहेर घालून देण्याचं काम त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने झालं होतं. संस्थेचे तेव्हाचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. त्यांचं नाव किती घरांत पोचलं? घरांचं सोडा, तुमच्या केंद्रात काल रुजू झालेल्या मुलीला विचारून बघा.

आनंद कुमारांचा पिंड लॅबचा. मुंबईला येण्याआधी दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी ऱ्हीसस माकडांवर काम केलं. मेंदू आणि प्रजनन यांचं नातं हा त्यांचा विषय: हार्मोन्स मेंदूभोवतीच्या द्रवात कशी उतरतात, नाकात फवारलेलं प्रोजेस्टेरॉन इंजेक्शनच्या तुलनेत शरीरात कसं वागतं, असे प्रश्न. यातून नाकावाटे देता येईल असं गर्भनिरोधक मिळेल का, हा शोध चालला होता. म्हणजे मूल होऊ नये यासाठी धडपडणाऱ्या शास्त्रज्ञाने मूल व्हावं म्हणूनच्या कामाचं नेतृत्व केलं. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. आम्हाला वाटत नाही. बीज केव्हा पिकतं, केव्हा सुटतं, कशाने अडतं हे एकदा कळलं की ते ज्ञान दोन्हीकडे चालतं. तरी लोकसंख्येच्या चिंतेने ग्रासलेल्या त्या काळात सरकारी पैशातून टेस्ट ट्यूब बेबीचं काम करायचं म्हणजे भुवया उंचावल्या असणारच.

हर्षाचा जन्म झाला, वर्तमानपत्रं भरून गेली. शास्त्रीय पुराव्यांनिशी नोंदलेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून शिक्कामोर्तब झालं. आनंद कुमार यथावकाश निवृत्त झाले, बंगळुरूला गेले. इथे गोष्ट संपली असती तर त्यांच्या नावावर एक अव्वल नंबर कायमचा राहिला असता.

१९९७ साली ते कोलकात्याला एका परिषदेसाठी गेले. तिथे त्यांच्या हातात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे कागद आले.

हे नाव तुम्ही ऐकलंय, मला खात्री आहे. पण त्यांनी केलं काय, हे तांत्रिक अंगाने कधी कुणी तुम्हाला सांगितलंय का? १९३१ साली हजारीबागला जन्म. कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण, तिथेच प्रजनन शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी, मग एडिनबरोला हार्मोन्सवर दुसरी पीएचडी. ३ ऑक्टोबर १९७८ ला, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन हिच्यानंतर ७० दिवसांनी, कोलकात्यात 'दुर्गा' ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सोबतीला दोघे: स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य आणि अतिशीत तापमानाच्या तंत्रातले जाणकार सुनीत मुखर्जी. आता पद्धत बघा. लुईसच्या वेळी इंग्लंडमध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी पाळीच्या नैसर्गिक चक्रातलं एकच बीज, तेही लॅप्रोस्कोपने (पोटाला छोटं छिद्र पाडून घातलेल्या दुर्बिणीने), घेतलं होतं. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन अंडाशय उद्दीपित केलं. बीजं योनीमार्गाने काढली. भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता ते गोठवलं, ५३ दिवस तसंच ठेवलं आणि नंतरच्या चक्रात, गर्भाशय शांत असताना, वितळवून सोडलं.

इंजेक्शनं, योनीमार्गाने पिकअप, फ्रीझिंग आणि पुढच्या चक्रात ट्रान्सफर. सर, मॅडम, तुमच्या केंद्रातला आजचा दिवस याहून वेगळा आहे का? गोठवलेल्या भ्रूणातून बाळ जन्मल्याची जगाने मान्य केलेली पहिली घटना ऑस्ट्रेलियातली, १९८४ ची.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ-भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. समितीने दावा फेटाळला. जपानहून बोलावणं आलं, जायची परवानगी मिळाली नाही. बदल्या झाल्या, शेवटची डोळ्यांच्या संस्थेत. १९८१ साली मुखोपाध्यायांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पन्नाशीचा माणूस.

हा भाग सांगताना आपण सगळे हळहळतो आणि विषय तिथेच सोडतो. मला खरं तर त्यापुढचं बोलायचं आहे. माणूस गेला, समितीने खोटा ठरवलेला, मुलीच्या आईवडिलांना तेव्हा पुढे येणं शक्य नव्हतं. उरलं काय? १९७८ साली अतिशीततंत्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापलेली छोटी टिपणी, जी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या टेबलावर सहसा जाणारच नव्हती. आणि घरच्यांनी जपून ठेवलेले हस्तलिखित कागद.

ते कागद आनंद कुमारांनी वाचले. नुसते चाळले नाहीत, लॅबचा माणूस लॅबची वही वाचतो तसे वाचले: अमुक द्रावण का वापरलं, अमुक दिवशी काय दिसलं, या आकड्यानंतर तो आकडा येऊ शकतो का. दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले. त्यांची खात्री पटली. मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'करंट सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहून त्यांनी जाहीर केलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय आहेत. म्हणजे आपण नाही. हे सांगायला त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती. गप्प बसले असते तर कुणी जाब विचारला नसता, कारण त्या कागदांकडे दुसरं कुणी बघतच नव्हतं. पुढे वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखोपाध्यायांचं श्रेय मान्य केलं. आनंद कुमार २०१० च्या जानेवारीत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रॉबर्ट एडवर्ड्स यांना नोबेल जाहीर झालं.

आपल्याकडच्या सत्कारांत, गौरवग्रंथांत 'पहिले' आणि 'पहिल्या' यांची रेलचेल असते. आपला 'पहिला' स्वतःच्या हाताने खोडणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. आणि त्याला ते करता आलं ते कागद शिल्लक होते म्हणून. रद्दीवाला आधी आला असता तर आनंद कुमारांचा सगळा प्रामाणिकपणा हात चोळत बसला असता.

म्हणून त्या नूतनीकरणाच्या बातमीने माझ्या पोटात गोळा आला.

आता थोडं लॅबबद्दल. तुम्ही ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असता तेव्हा भिंतीतल्या खिडकीतून आम्हाला ट्यूब मिळते. कोमट, लालसर द्रव. तो डिशमध्ये ओतून सूक्ष्मदर्शकाखाली फिरवायचा. रक्ताच्या धाग्यांतून एक चकाकणारा, चिकट पुंजका दिसतो, त्याच्या मधोमध बीज. पुंजका पसरलेला, सैल असेल तर बीज पिकलेलं असण्याचा संभव जास्त. घट्ट, काळपट असेल तर अजून कच्चं. आम्ही ओरडून आकडा सांगतो, "एक... दोन..." आणि तुम्ही अंडाशयातल्या पुढच्या फॉलिकलकडे, बीजाच्या पिशवीकडे, वळता. संध्याकाळपर्यंत सुईने शुक्राणू आत सोडून झालेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण १६ ते १८ तासांनी, बघायचं असतं ते दोन केंद्रकं. बीजाच्या मध्याजवळ एकमेकांना टेकलेले दोन स्वच्छ गोल, आत बारीक ठिपक्यांची रांग. एक आईकडून, एक वडिलांकडून. तीन दिसले तर ते भ्रूण बाजूला. एकच दिसला तर शंका. आणि उशीर केला तर ते गोल विरघळून जातात, मग काय झालं होतं ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. हे बघायला जी मुलगी सकाळी सातला लॅबमध्ये असते, तिने अत्तर लावलेलं नसतं, केसांना तेल लावलेलं नसतं, आणि बऱ्याचदा चहाही घेतलेला नसतो. दुपारी पेशंटला फोन जातो, "सरांनी सांगितलंय, आठ भ्रूणं तयार झालीत." सरांनी ती पाहिलेली नसतात.

मला त्याचा राग नाही, कामाची वाटणी तशीच असते. पण पेशंटच्या हातात जो कागद पडतो, त्यावर ते ज्याने पाहिलं त्याचं नाव का नसावं? रक्ताच्या साध्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही लागते. भ्रूणाच्या प्रतवारीवर, जिच्यावर ट्रान्सफरचा निर्णय ठरतो, कित्येक ठिकाणी फक्त केंद्राचा शिक्का असतो.

लॅबमधल्या बाईचं नाव गाळण्याची परंपरा आपणच सुरू केली असं नाही. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला, जिथे लुईस ब्राउन जन्मली, त्या पहिल्या बाळाच्या जन्माच्या स्मरणार्थ फलक लावायचा ठरला, तेव्हा एडवर्ड्स यांनी आरोग्य खात्याला लिहिलं की जीन पर्डीचंही नाव हवं, तिचा वाटा माझ्याइतकाच आहे. पर्डी मूळची नर्स. १९६८ पासून एडवर्ड्स यांच्या सोबत, पुढे बॉर्न हॉल या आयव्हीएफ केंद्राच्या स्थापनेतही. लुईस ब्राउन झाली ते भ्रूण विभागताना पहिल्यांदा तिने पाहिलं. आईच्या आजारपणात ती घरी गेली, तर ओल्डहॅममधलं काम थांबून राहिलं. फलक लागला, तिच्या नावाशिवाय. १९८५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, ती गेली. तिचं नाव असलेला फलक लागायला २०१५ उजाडलं.

एडवर्ड्स यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या एका जुन्या कामाचा उल्लेख करते, कारण त्याचा तुमच्या घड्याळाशी रोजचा संबंध आहे. ट्रिगरचं, म्हणजे बीजं शेवटची पिकवणारं, इंजेक्शन रात्री ठरल्या वेळी द्यायचं आणि ३५-३६ तासांनी पिकअप, हे आपण सिस्टरना दटावून दटावून शिकवतो. हा ३६ चा आकडा आला कुठून? १९३० च्या दशकात पिंकस या अमेरिकी शास्त्रज्ञाने म्हटलं होतं की माणसाचं बीज शरीराबाहेर १२ तासांत पिकतं. पुढे एडवर्ड्स या प्रश्नाकडे वळला तेव्हा तो उंदरांवर काम केलेला तरुण, मूळचा शेतकीचा विद्यार्थी. शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयांचे तुकडे डॉक्टरांकडून मागून आणायचा. १२ तासांनी बघायचा, काही हललेलं नसायचं. बीजं मोजकीच मिळायची, तीही अधूनमधून. दुसरा कुणी असता तर माणसाचं बीज बाहेर पिकतच नाही असं लिहून मोकळा झाला असता. याने वेळ वाढवत नेली. २५ तासांच्या आसपास गुणसूत्रं दिसू लागली आणि ३६ तासांच्या पुढेमागे बीज पिकलेलं मिळालं. १९६५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. लुईस ब्राउनच्या जन्माला तेव्हा १३ वर्षं बाकी होती. मधल्या काळात १९७१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पैसे द्यायला नकार दिला होता, हेही सांगून ठेवते.

पेशीचं घड्याळ पेशीचंच असतं, ते आपण फक्त वाचायचं. आणि इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

'बॅच' हा शब्द उच्चारला की तुम्हाला कळलंच असेल. तालुक्याच्या किंवा लहान जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ एम्ब्रियॉलॉजिस्ट परवडत नाही. मग बाहेरून बोलवायचा. तो महिन्यातून चार-पाच दिवस येणार, त्याची तारीख आधी ठरणार, आणि बायकांच्या पाळ्या गोळ्या देऊन त्या तारखेला आणून बसवायच्या. तो बॅग घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतो, दिवसभर पिकअप आणि इक्सी (सुईने शुक्राणू बीजात सोडणं) करतो, भ्रूणं गोठवतो किंवा तिसऱ्या दिवशी ट्रान्सफर उरकतो आणि दुसऱ्या गावच्या बॅचला निघतो. माझे कितीतरी मित्रमैत्रिणी असं काम करतात, हुशार आहेत, हात सफाईदार आहेत. गोळ्या देऊन चक्र पुढेमागे करणं हेही वैद्यकीयदृष्ट्या काही पाप नाही, हे मी मान्य करते. लहान गावातल्या जोडप्याला पुण्या-मुंबईची खेप पडत नाही, हा फायदाही खरा.

पण मागे उरतं काय ते बघा. इन्क्युबेटर उरलेले पंचवीस दिवस बंद किंवा कुणाच्या तरी भरवशावर. नायट्रोजनचा कॅन ओटीतला मामा डोळ्यांनी अंदाज घेऊन भरतो. उणे १९६ अंशांचं ते द्रव रोज थोडं थोडं उडत असतं आणि कॅनमध्ये लोकांची भ्रूणं असतात. मागच्या बॅचमध्ये ज्यांची भ्रूणं वाढली नाहीत त्यांचं काय चुकलं, हे बघायला जो माणूस हवा तो तिसऱ्याच जिल्ह्यात. त्याची वही त्याच्या बॅगेत. केंद्राकडे फक्त आकडा. पेशंट विचारते, "मॅडम, माझ्या वेळी काय झालं होतं?" आणि केंद्रात त्याचं उत्तर देऊ शकेल असा एकही माणूस नसतो. मग ठेवणीतलं वाक्य बाहेर पडतं: "बीजाची क्वालिटी चांगली नव्हती." असेलही. पण ते कुणी पाहिलं, कुठे लिहिलं?

ऑइलपेंटसारखी ओळ लिहायला त्याच जागेत सलग बसावं लागतं. बॅचमध्ये ती ओळ लिहिली जाऊच शकत नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, आम्ही केंद्र चालवतो, संशोधन संस्था नाही. ठीक आहे. पण या क्षेत्रात हा भेद कधी टिकलाय? केईएम हे महापालिकेचं रुग्णालय. ओल्डहॅम हे गिरण्यांच्या गावातलं साधं सरकारी रुग्णालय. मुखोपाध्यायांकडे तर जे होतं त्याला लॅब म्हणायलाही तुम्ही तयार झाला नसता. आज तुमच्या केंद्रांत जी यंत्रं आहेत ती त्या तिघांपैकी एकाकडेही नव्हती. आणि बीजं, भ्रूणं, त्यांचे परिणाम यांची जेवढी माहिती महाराष्ट्रातल्या खाजगी केंद्रांतून रोज समोरून जाते, तेवढी परळच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाला मिळाली तर तो हरखून जाईल. ती माहिती आपण यशाच्या टक्क्यांत पिळून जाहिरातीला वापरतो आणि उरलेला चोथा फेकतो.

तेव्हा मागण्या. फार नाहीत आणि खर्चिकही नाहीत, एक सोडून.

लॅबची वही, बेंचवरची, हाताने लिहिलेली, ही केंद्राची नोंद समजा. सॉफ्टवेअर आलं तरी ती चालू राहू द्या आणि जुनी टाकायची वेळ आली तर टाकण्याआधी ती लिहिणाऱ्याला एक फोन करा. पेशंटची गोपनीयता सांभाळूनच, हे सांगायला नको. बॅचवर येणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टनेही वही केंद्रातच ठेवायची, हवं तर स्वतःसाठी नावं वगळून उतरवून घ्यावी. परळची संस्था किंवा एखादं विद्यापीठ अशा वह्या सांभाळायला पुढे आलं तर फारच छान, पण त्याची वाट बघत थांबू नका. एक कोरडं कपाट पुरतं.

भ्रूणाच्या रिपोर्टवर ते पाहणाऱ्याचं नाव आणि सही असू द्या. यात आमचा मान असेलही, त्याहून जास्त आमची जबाबदारी आहे. सही करायची म्हटल्यावर प्रतवारी करताना हात जरा जपून चालतो. आणि ट्रान्सफरच्या आधी एकदा तरी पेशंटला आम्हाला भेटू द्या, पाच मिनिटं. तिचे प्रश्न साधे असतात, तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच साधे.

हे भ्रूण सोडण्यालायक नाही असं आम्ही म्हटलं तर ते वहीत तसंच राहू द्या. तुम्ही वेगळा निर्णय घेतलात, घ्या, तो तुमचा अधिकार. पण 'ग्रेड जरा वरची लिही' हा निरोप आत पाठवू नका. हे सगळीकडे होतं असं मी म्हणत नाही. जिथे होतं त्यांना हे वाचताना कळेल.

खर्चिक मागणी ही: पूर्णवेळ माणूस ठेवा. एका केंद्राला परवडत नसेल तर एकाच गावातल्या दोघातिघांनी मिळून ठेवा. एकाच पंधरवड्यात तुमच्या तिघांच्या जाहिराती एकाच पेपरात येतात, तेव्हा बोलणं होत नसेल असं नाही.

आणि शेवटी एक, हिला मागणी म्हणा किंवा हट्ट. दरवर्षी तुमच्या परिषदा होतात, पंचतारांकित हॉटेलात. एम्ब्रियॉलॉजीचं सत्र बहुधा शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, लहान हॉलमध्ये असतं. तोवर निम्मे डॉक्टर विमानतळाच्या वाटेवर. यंदा ते पहिल्या दिवशी सकाळी ठेवा आणि त्यात यशाचे आकडे नकोत. प्रत्येक केंद्राने आपल्या वहीतलं एक फसलेलं पान घेऊन यावं, नाव-गाव झाकून. ऑइलपेंटच्या पानाची नक्कल माझ्याकडे आहे. मी ते घेऊन येते.

आपली,
एक क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजिस्ट
(एम.एस्सी., प्राणिशास्त्र)